खालच्या ओळी

योगेंद्र नागतोडेला ‘वेगळं’ हा शब्द आवडत नसे. कारंज्याला वडिलांचे आणि काकांचे हिस्से झाले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. अंगणाच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली आणि विहीर भिंतीच्या पलीकडे गेली. त्यानंतर त्याची आई रोज पाण्याचा रिकामा गुंड कमरेवर घेऊन काकूच्या दाराशी उभी राहायची. वाटणीतलं त्याला एवढंच आठवायचं.

कदाचित म्हणूनच त्याला तो प्रोग्राम आवडला असेल. अठ्ठ्याण्णव साली नागपूरला कॉम्प्युटरचा कोर्स करताना मास्तरांनी नेटस्केप शिकवलं होतं. एकाच प्रोग्राममध्ये सगळं. इंटरनेट त्यातच बघायचं, पत्रं त्यातच यायची, लोकांचे पत्ते त्यातच ठेवायचे. पुढे त्याच घराण्यातला मोझिला आला. योगेंद्रनं तो घेतला आणि दुसरं काही बघितलं नाही.

दोन हजार एक साली सिंदी मेघेच्या वस्तीत त्यानं ‘संगम’ हे इंटरनेटचं दुकान उघडलं. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक टेलिफोन. फोनच्याच तारेवर इंटरनेट चालायचं, त्यामुळे बाहेरून फोन लावणाऱ्याला दिवसभर एंगेज ऐकू यायचं. तीन कॉम्प्युटर गिऱ्हाइकांचे. चौथा दाराजवळच्या टेबलावर, तो योगेंद्रचा. त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती.

त्या चौथ्यावर वस्तीची डाक यायची.

ही कल्पना त्याची एकट्याची. वस्तीत बऱ्याच घरांतली पोरं पुण्याला, सुरतेला, आखातात गेली होती. आईबापांना कॉम्प्युटर कळत नव्हता, काहींना अक्षरही कळत नव्हतं. योगेंद्रनं ‘संगम’चा एकच ईमेल पत्ता सगळ्यांना दिला. पत्र पाठवणाऱ्यानं वर फक्त नाव लिहायचं, अमक्यासाठी. योगेंद्रनं प्रत्येकाच्या नावाचा खण केला होता. दुपारी एक वाजता तो डाक उतरवून घ्यायचा, ज्याची त्याच्या खणात टाकायचा, छापायचा, आणि वाचून दाखवायचा. बावीस घरं होती. पोरींच्या निकालाची पत्रं, सोयरिकीची पत्रं, नोकरीचे कॉल, सगळं त्या एका प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी नांदत होतं.

दुपारी त्याचे वडील प्रभाकरराव दुकानात येऊन बसत. ते रिटायर झालेले पोस्टमन, आता मुलाकडेच राहत. कारंज्याच्या आसपासच्या गावांत तीस वर्षं त्यांनी सायकलवर डाक वाटली होती. मुलगा आपलाच धंदा करतो असं ते मानत. फक्त सायकल नाही, एवढाच फरक.

बाजूला ओमप्रकाश शेठजींचं किराणा दुकान होतं. त्यांचा मुलगा रजत नागपूरला कॉम्प्युटर शिकत होता. योगेंद्रचा दोस्त, आणि त्याचा सगळ्यात मोठा टीकाकार. दोन हजार पाचच्या जानेवारीत तो एक सीडी घेऊन आला. तिच्यात दोन प्रोग्राम होते. फायरफॉक्स इंटरनेट बघायला, थंडरबर्ड पत्रांना. दोन्ही अलग, दोन्ही हलके.

गिऱ्हाइकांच्या तीन कॉम्प्युटरवर योगेंद्रनं फायरफॉक्स टाकू दिलं. चौथ्यावर नाही म्हणाला.

‘‘अबे, हा काय प्रोग्राम हाय का जॉइंट फॅमिली?’’ रजत म्हणाला. ‘‘एक जण शिंकला का सारं घर आडवं. ब्राउझर अटकला तर तुही मेलबी अटकते. वेगळं कर.’’

‘‘वेगळं करून कोनाचं भलं झालं?’’

‘‘कॉम्प्युटरचं होते ना बे.’’

मग त्यानं दुसरी गोष्ट काढली. डाक उतरवून घेतली की मूळ प्रत सर्व्हरवरून पुसली जात होती. एका चौकटीत बरोबरची खूण केली तर ती तिथंही राहिली असती, आणि कुठूनही बघता आली असती. ही एक खूण तरी करू दे, असं रजतचं म्हणणं होतं. प्रभाकरराव ऐकत होते. त्यांनी विचारलं, सर्व्हर म्हणजे काय? रजतनं सांगितलं, पोस्ट ऑफिस समजा, बाबूजी.

‘‘डाक घरी पोचली, तरी पोस्टात रायते का?’’ प्रभाकरराव म्हणाले. ‘‘हे कोनतं पोस्ट?’’

योगेंद्र हसला. खूण झाली नाही.

त्या बावीस घरांत एक घर अनुसयाबाईंचं होतं. त्या विधवा होत्या. मुलांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटत. मुलगी आचल बारावीला होती. मुलगा नीलेश वेल्डर. तो आफ्रिकेत एका रस्त्याच्या कामावर गेला होता, जंगलातल्या कॅम्पवर. दर पंधरा दिवसांनी त्याची मेल यायची, इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी. घरात फोन नव्हता. कंपनीच्या फॉर्मवर घरचा संपर्क म्हणून त्यानं ‘संगम’चा पत्ता आणि ‘संगम’चाच फोन लिहिला होता.

अनुसयाबाई मेसवरून थेट यायच्या. कणीक हातालाच असायची. खुर्चीवर बसत नसत, टेबलाला धरून उभ्या राहात. योगेंद्र वाचायचा. एकदा वाचून झालं की म्हणायच्या, ‘‘आनिक एक डाव वाच.’’ कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवून जायच्या.

मे महिना होता. मंगळवार. कूलर पाण्याविना नुसतीच गरम हवा फेकत होता. एक वाजता योगेंद्रनं डाक उतरवली. चौदा पत्रं. नववं इंग्रजीत होतं. वर नीलेशचं पूर्ण नाव होतं, पण पत्र नीलेशचं नव्हतं.

त्याच्या प्रोग्रामची खिडकी तीन भागांत वाटलेली होती. डावीकडे लोकांचे खण. उजवीकडे वर पत्रांची यादी. तिच्याखाली एक आडवी पट्टी, तिच्यात पत्र दिसायचं. बावीस खण नीट दिसावेत, यादी लांब दिसावी, म्हणून योगेंद्रनं ती पट्टी अरुंद करून ठेवली होती. सहा-सात ओळी मावत. पूर्ण पत्र तो कधी पडद्यावर वाचत नसे. छापून हातात घेऊन वाचायचा.

पट्टीत दिसलं ते असं. कळवण्यास अत्यंत दुःख होतं की आपले पुत्र नीलेश यांचं रविवारी पहाटे कॅम्पच्या दवाखान्यात मलेरियानं निधन झालं. डॉक्टरांनी शर्थ केली. ते मनमिळाऊ आणि कष्टाळू कामगार होते. कंपनी आपल्या दुःखात सहभागी आहे.

पट्टी तिथं संपली.

त्याचा हात माऊसवर तसाच राहिला. अकरावी-बारावीला योगेंद्र इथं शिकायला होता, तेव्हा नीलेश आणि तो एकाच शाळेत होते. नीलेश दोन वर्षं मागे.

‘‘काय झालं गा?’’ प्रभाकररावांनी विचारलं.

त्यानं सांगितलं.

प्रभाकरराव उठले. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला. त्यांना अशा पत्रांचं सगळं माहीत होतं. कार्डाचा कोपरा फाडलेला असला, म्हणजे मयताची बातमी असली, की ते सायकल दारापासून लांब लावत. पायरी चढत नसत. घरातल्या पुरुषाला नावानं हाक मारून अंगणात बोलावत. तो तिथंच उभ्यानं वाचायचा, वाचून फाडायचा, तुकडे रस्त्यापलीकडे टाकायचा आणि हातपाय धुऊन आत जायचा. तीस वर्षांत असं एकही कार्ड त्यांनी उंबऱ्याच्या आत जाऊ दिलं नव्हतं. मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत. हा कायदा पोस्टाच्या पुस्तकात नव्हता, तरी तो त्यांनी सगळ्यात कडक पाळला.

‘‘वाचलं ना?’’

‘‘हो.’’

‘‘मंग फाड.’’

‘‘बाबा, हे कागद नाई.’’

‘‘बाकीच्याइचे पत्र कुठी हायेत?’’

‘‘याच्यातच. सारे याच्यातच.’’

‘‘त्या शकुंतलाबाईच्या पोरीच्या सोयरिकीचं?’’

‘‘थेही याच्यातच.’’

‘‘मंग एका घरात हे कसं ठेवतं तू?’’

योगेंद्रला यात चुकीचं काही वाटलं नाही. त्याच्याही मनात तेच आलं होतं. बावीस घरं एका छपराखाली होती. त्यांच्यामध्ये हे कसं ठेवायचं? आणि छापायचं तर मुळीच नव्हतं. असं पत्र कोणी छापून आईच्या हातात देतं का?

त्यानं पत्र पुसलं. पुसलेलं पत्र प्रोग्रामच्या कचऱ्यात जाऊन पडतं, हे त्याला माहीत होतं. त्यानं कचराही रिकामा केला. फाडायचं म्हणजे पूर्ण फाडायचं. प्रभाकररावांनी माठातलं पाणी तांब्यानं त्याच्या हातावर ओतलं. मग दोघांनी शटर ओढलं आणि अनुसयाबाईंच्या घराकडे चालू लागले. उन्हात रस्त्यावर कोणी नव्हतं.

तीन दिवस ‘संगम’ बंद राहिलं. वस्तीतलं पोर गेलं होतं, उघडं कसं ठेवणार? ते तीन दिवस योगेंद्र अनुसयाबाईंच्या दारात होता. पाणी आणलं, सतरंज्या आणल्या, हिंगणघाटच्या नातेवाइकांना निरोप धाडले. आचलला एकदा चक्कर आली, तिला दवाखान्यात नेलं. त्याच्यात कसर काढायला जागा नव्हती.

अनुसयाबाई रडत नव्हत्या. त्या एकच गोष्ट विचारत होत्या.

‘‘कधी आनतेत त्याले?’’

‘‘आनतीन काकू. कंपनी मोठी हाय.’’

‘‘तोंड दिसन का?’’

‘‘दिसन.’’

बोरगाव मेघेतला एक जण आखातात वारला होता, त्याला आणायला अठरा दिवस लागले होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कोणाला घाई वाटली नाही. नागपूरच्या विमानतळावर कोण जाणार, गाडी कोणाची घ्यायची, पेटी उघडू देतात की नाही, याच्यावर बाहेर माणसं हळू आवाजात बोलत बसली होती. अनुसयाबाईंनी नीलेशचं एक पांढरं शर्ट धुऊन इस्तरी करून घेतलं. ते मांडीवर घेऊन त्या बसून होत्या.

गुरुवारी सकाळी योगेंद्रच्या मनात आलं, एकदा डाक बघावी. जाणत्या माणसांनी सांगितलं, उद्या तिसरा दिवस होतो, मग उघड. त्याला पटलं.

त्याच गुरुवारी ओमप्रकाश शेठजींना बंद शटरच्या आत फोन वाजताना ऐकू आला. सकाळी एकदा, दुपारी दोनदा. कोण्या गिऱ्हाइकाचा असेल, असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी योगेंद्रनं शटर उघडलं. रजत बरोबर होता. डाक उतरली. कंपनीचं दुसरं पत्र होतं.

या वेळी त्यानं ते छापलं नाही, तसंच मोठं करून उघडलं. पत्र लहान होतं. मंगळवारच्या आमच्या पत्राला गुरुवार संध्याकाळी सहापर्यंत उत्तर आलं नाही. दिलेल्या क्रमांकावर तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही. त्यामुळे स्थानिक आरोग्य नियमांप्रमाणे शुक्रवारी सकाळी नीलेश यांचं दफन करण्यात आलं. कंपनीचे तेरा भारतीय कामगार उपस्थित होते.

त्याच्याखाली मंगळवारचं पत्र पूर्ण जोडलेलं होतं. उत्तरात जुनं पत्र खाली येतं, तसं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बाणाचं टोक. पहिल्या ओळी त्याच्या ओळखीच्या होत्या. कळवण्यास अत्यंत दुःख होतं. शर्थ केली. मनमिळाऊ. सहभागी.

त्यानंतर अकरा ओळी होत्या.

कॅम्पवर शवागार नाही. बर्फात पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. शुक्रवारी सकाळी मालाचं विमान राजधानीला जातं, त्यातून पार्थिव पाठवून पुढे भारतात आणता येईल. सगळी व्यवस्था कंपनी करेल. त्यासाठी गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कुटुंबाची संमती हवी. ‘हो’ एवढा एक शब्द लिहिला तरी चालेल.

योगेंद्रनं त्या अकरा ओळी पुन्हा वाचल्या. रजतही मागे उभा राहून वाचत होता.

‘‘तू पुरी वाचली नव्हती का?’’

‘‘दिसल्या तेवढ्या वाचल्या.’’

रजत त्याला बरंच काही बोलू शकला असता. माऊस हातात घेऊन त्यानं उगाच ती पट्टी वर ओढली, खाली ओढली.

प्रभाकरराव आले. त्यांना सांगितलं. ते रस्त्याकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, तिले हे सांगू नको. कंपनीनं इचारलं नाई म्हन. तिकडं तसाच कायदा हाय म्हन. रजतलाही ते बरं वाटलं. बाईला आधीच काय कमी आहे, असं तो म्हणाला. खोटं कोणाला कळणार नव्हतं. इंग्रजी पत्र होतं, तेही एकाच कॉम्प्युटरमध्ये, ज्याला दुसरं कोणी हात लावत नव्हतं.

योगेंद्र एकटाच गेला.

अनुसयाबाई आतल्या खोलीत होत्या. आचल भिंतीला टेकून बसली होती. शर्ट घडी करून पाटावर ठेवलं होतं. योगेंद्र दारातच बसला. त्यानं सांगितलं, त्याले आनत नाईत. काल माती देल्ली.



‘‘आपल्याले न इचारता?’’ आचलनं विचारलं.

इथं तो थांबू शकला असता.

‘‘इचारलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘मंगळवारच्याच पत्रात इचारलं होतं, काकू. आनायचं का म्हून. खाली होतं. मी वरचं वाचलं अन् पुसून टाकलं.’’

अनुसयाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना नीट कळायला वेळ लागला.

‘‘किती होतं खाली?’’

‘‘अकरा ओळी.’’

‘‘अकरा.’’

बाहेर कोणीतरी बादली ठेवली.

‘‘मले वाचता येत नाई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘म्हून तुह्याकडे येत होती, योगू.’’

त्या ओरडल्या नाहीत. आचलनं तोंड भिंतीकडे केलं.

नातेवाइकांनी सुचवलं, देह नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात. पळस इथं कुठेही मिळतो. भटजीही तयार होते. अनुसयाबाई नाही म्हणाल्या. ‘‘त्याले माती देल्ली ना? मंग आता कोनाले जाळता?’’ त्यापुढे कोणी विषय काढला नाही. दहाव्याला योगेंद्र गेला होता, दूर उभा होता. त्याला कोणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

जूनमध्ये रजतनं चौथ्या कॉम्प्युटरवरून तो प्रोग्राम काढला. तसंही मोझिलाचं ते एकत्र रूप पुढे चालवणार नाही, असं बनवणाऱ्यांनीच जाहीर केलं होतं. ब्राउझर वेगळा झाला, पत्रं वेगळी झाली. सर्व्हरवर प्रत राहील अशी खूण झाली. खालची पट्टी रजतनं बंदच केली. पत्र आता पूर्ण पडद्यावर उघडायचं. योगेंद्र शेजारी बसून बघत होता. कोणत्याही गोष्टीला तो नाही म्हणाला नाही.

‘‘काही बोल ना बे,’’ रजत म्हणाला.

‘‘चांगलं झालं,’’ योगेंद्र म्हणाला.

पण बावीस घरांची सहा झाली. बाकीच्यांनी पोरांना सांगून मोबाइल घेतले, शेजाऱ्यांचे नंबर दिले. कोणी तोंडावर काही बोललं नाही. आणि जे येत, ते कंटाळून जात. योगेंद्र आता प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचायचा. पाठवणाऱ्याचा हुद्दा, इमारतीचा मजला, फॅक्स नंबर, जाहिरात, सगळं. सुरतेच्या पोराचं पत्र ऐकायला आलेले नत्थूजी एकदा म्हणाले, ‘‘अबे, पोट्ट्याचं सांग. त्याच्या मालकाचा फॅक्स मले काय कराचा हाय?’’ योगेंद्र वाचतच राहिला. प्रभाकररावांचं दुकानाच्या आत येणं बंद झालं. ते बाहेरच्या पायरीवर बसत. बापलेकांत जेवणापुरतं बोलणं उरलं.

कंपनीला त्यानं पाच पत्रं लिहिली. नीलेशला कुठे ठेवलं, तेवढं सांगा. ऑगस्टच्या शेवटी उत्तर आलं.

अनुसयाबाई मेसवर पुन्हा जाऊ लागल्या होत्या. तीन महिन्यांत त्या ‘संगम’वर आल्या नव्हत्या. त्या दिवशी आचल त्यांना घेऊन आली. त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या.

योगेंद्रनं वाचलं. एका ओळीचं मराठी करायचा, मग पुढची. कॅम्पच्या पूर्वेला, नदीच्या काठावर, कामगारांसाठी राखलेली जागा आहे. चौथी ओळ, सातवा क्रमांक. लाकडी पाटी लावली आहे, तिच्यावर नाव आहे. जागेला कुंपण आहे. सोबत फोटो पाठवता येत नाही, क्षमस्व.

‘‘झालं?’’ आचलनं विचारलं.

‘‘नाई.’’

खाली अधिकाऱ्याचं नाव होतं. ते त्यानं वाचलं. हुद्दा वाचला. पत्ता वाचला. मग एक ओळ सोडून बारीक अक्षरांत आणखी मजकूर होता, कंपनीच्या प्रत्येक पत्राखाली असतो तो. तो वाचताना तो अडखळला.

‘‘काय म्हनते?’’ अनुसयाबाईंनी विचारलं.

‘‘हे पत्र ज्याच्यासाठी हाय त्यानंच वाचाव. दुसऱ्या कोनाले चुकून भेटलं असन, तर त्यानं ते लगेच पुसून टाकाव.’’

‘‘अन् त्याच्याखाली?’’

‘‘त्याच्याखाली काही नाई, काकू.’’

त्यांनी पडद्याकडे बघितलं. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

‘‘छापून दे,’’ त्या म्हणाल्या.

योगेंद्रनं बाहेर पायरीकडे बघितलं. प्रभाकररावांनी ऐकलं होतं. त्यांनी मान वळवली नाही. प्रिंटर कुरकुरत चालू झाला आणि कागद हळूहळू बाहेर आला. अनुसयाबाईंनी तो घेतला, घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवला. आचलचा हात धरून पायरी उतरल्या आणि घराकडे गेल्या. घर समोरच्याच गल्लीत होतं, ‘संगम’मधून दिसायचं. दारात त्या थांबल्या नाहीत. कागद घेऊन तशाच आत गेल्या.